विहिरीच्या तळाची खबर पोलादातून का येत नाही? येते, पण...

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता: पोलादात आवाज पाण्यापेक्षा साडेतीन पट वेगाने धावतो. तेलाच्या विहिरीत तळापासून रिगपर्यंत पोलादाचा अखंड पाईप उभाच असतो. मग तळाशी मोजलेला दाब, तापमान, विहिरीची दिशा हे सगळं आवाजाच्या रूपात त्या पाईपमधूनच वर का पाठवत नाहीत? अजूनही मडमध्ये, म्हणजे ड्रिलिंग करताना विहिरीत फिरवत ठेवलेल्या चिखलासारख्या द्रवात, दाबाचे ठोके मारून सेकंदाला माहितीचे पाच-सहा बिट गोळा करायचा खटाटोप कशाला?

या प्रश्नात एकच शब्द चुकलाय, 'अखंड'. बाकी सगळं बरोबर आहे. पण त्या एका शब्दाने कित्येक वर्षं हुशार माणसांना छळलं, म्हणून उत्तर जरा लांबणार.

मी तेवीस वर्षं एमडब्ल्यूडीचं काम केलं, म्हणजे ड्रिलिंग चालू असताना तळाची मोजमापं वर आणण्याचं. सुरुवातीची नऊ वर्षं मुंबईच्या समुद्रात गेली, पुढची परदेशात. त्यातला बहुतेक काळ मड पल्सवर, म्हणजे त्या दाबाच्या ठोक्यांवर, काढला आणि शेवटी काही वर्षं ध्वनीवर चालणाऱ्या यंत्रणांबरोबर. दोन्हींशी माझी भांडणं झाली आहेत, त्यामुळे कुणाचीही वकिली करत नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. आवाज किती वेगाने पोचतो आणि माहिती किती वेगाने पोचते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४,००० मीटरच्या विहिरीत मडमधून दाबाची लाट साधारण १,३०० मीटर प्रति सेकंदाने येते, म्हणजे तीन सेकंदांत वर पोचते. पोलादातून एक सेकंदही लागत नाही. ड्रिलरला या दोन सेकंदांचं सोयरसुतक नसतं. त्याला हवं असतं ते हे, की एका सेकंदात किती वेगवेगळ्या खुणा करता येतील आणि वर बसलेल्याला त्या एकमेकींत न मिसळता ओळखता येतील. नळातून पाणी किती जोरात येतं यापेक्षा नळ केवढा रुंद आहे, असा हा प्रश्न आहे. आणि ड्रिल पाईपचा हा नळ भलताच चमत्कारिक आहे.

लहानपणी रेल्वेच्या रुळाला कान लावून गाडी येतेय का ते आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. (आता कुणी करू नये.) रूळ एकसारखा असतो, जाडी बदलत नाही, म्हणून आवाज लांबवर टिकतो. ड्रिल पाईप तसा नसतो. एक पाईप साधारण साडेनऊ मीटरचा, त्याच्या दोन्ही टोकांना आट्यांचे जाडजूड भाग, म्हणजे टूल जॉइंट. नेहमीचा ५ इंची पाईप घ्या. मधल्या भागात भिंत जेमतेम ९ मिलिमीटर जाड असते आणि आडव्या छेदात पोलाद भरतं सुमारे ३४ चौरस सेंटिमीटर. टूल जॉइंटपाशी तेच १७० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जातं, म्हणजे पाचपट. असा अर्ध्या मीटरचा जाड गठ्ठा दर साडेनऊ मीटरवर. ३,००० मीटरच्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पाईपांच्या माळेत, असे तीनशेहून जास्त गठ्ठे लागतात.

प्रत्येक गठ्ठ्यापाशी लाटेचा थोडा भाग पुढे जातो, थोडा मागे फिरतो. एकाच गठ्ठ्याने फार बिघडत नाही. पण तीनशे ठिकाणांहून मागे फिरलेले तुकडे एकमेकांना भेटतात आणि कधी एकमेकांना मारतात, कधी साथ देतात. पाईपची लांबी जेव्हा अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत बसते, तेव्हा मागे फिरलेले सगळे तुकडे एका तालात येतात आणि लाट जवळपास पूर्ण परत फिरते. हिशेब सोपा आहे: पोलादाच्या दांड्यात आवाजाचा वेग सुमारे ५,१०० मीटर प्रति सेकंद, त्याला पाईपच्या दुप्पट लांबीने, म्हणजे १९ मीटरने भागा. उत्तर येतं साधारण २७० हर्ट्झ. म्हणून २७०, ५४०, ८१० अशा दर अडीचशे-पावणेतीनशे हर्ट्झवर एक बंद दरवाजा. दोन दरवाज्यांच्या मध्ये उघडी गल्ली. कंगव्याचे दात आणि मधल्या फटी, नेमकं तसं चित्र. आणि जसजसे वरच्या हर्ट्झकडे जाल तसतसे दात जाड आणि फटी अरुंद होत जातात, निदान अडीच हजार हर्ट्झपर्यंत तरी. कारण तिथे टूल जॉइंटची स्वतःची लांबी पाव तरंगलांबीइतकी होते आणि तो सगळ्यात जास्त आडवा येतो.

पाईपमधून आवाज पाठवून बघण्याची कल्पना अमेरिकेत १९४०च्या दशकातच होती. तिला ठोस गणित मिळालं १९७२ मध्ये, बार्न्स आणि कर्कवुड यांच्याकडून. त्यांनी एकसारख्या पाईपांची आदर्श स्ट्रिंग कल्पून तिच्यातल्या उघड्या पट्ट्या काढून दाखवल्या. तरी प्रत्यक्षात काही जमेना. मग न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेत डग्लस ड्रमहेलर यांनी हा विषय हातात घेतला आणि १९८९ मध्ये त्यांचं स्ट्रिंगच्या ध्वनिगुणांवरचं काम प्रसिद्ध झालं. त्यातली माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. उघडी पट्टीसुद्धा आतून सपाट नसते. स्ट्रिंगला दोन टोकं असतात, आणि त्या दोन टोकांमध्ये लाट येरझाऱ्या घालत राहते, म्हणून प्रत्येक पट्टीच्या आत पुन्हा बारीक सुळके उभे राहतात, जितके पाईप तितके सुळके. म्हणजे तीनशे पाईपांच्या स्ट्रिंगमध्ये एका पट्टीत तीनशे. तुम्ही उत्साहाने ठरवलेली फ्रिक्वेन्सी एखाद्या सुळक्यावर पडली तर वाहवा, दोन सुळक्यांच्या मधल्या दरीत पडली तर वर काहीच ऐकू येणार नाही. आणि ड्रिलिंग पुढे सरकलं, एक पाईप वाढला, की सुळके जागा बदलतात. काल चाललेली सेटिंग आज का चालत नाही, याचं उत्तर बरेचदा एवढंच असतं.

हे काम भूगर्भातल्या उष्णतेच्या विहिरींसाठी चालू होतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे कामी येणार आहे.

कागदावरचे सगळे पाईप साडेनऊ मीटरचे असतात. खऱ्या रिगवर नसतात. पाईप टॅलीची वही बघा, एक ९.३२, दुसरा ९.५८, तिसरा ९.१०. शिवाय आटे झिजले की ते पुन्हा कापतात, टूल जॉइंट आखूड होतो. प्रत्येक पाईपचा दरवाजा किंचित वेगळ्या जागी बसतो, आणि फटींच्या कडा झाकोळतात. खाली बीएचए असते, म्हणजे स्ट्रिंगचा तळाचा, यंत्रं जोडलेला भाग: जाड ड्रिल कॉलर, मोटर, स्टॅबिलायझर. तिचा नकाशा आणखी निराळा. म्हणून शहाणपण यात आहे की ध्वनी पाठवणारं यंत्र बिटच्या, म्हणजे खडक कुरतडणाऱ्या टोकाच्या, मागोमाग न ठेवता बीएचएच्या वरच्या टोकाला ठेवायचं, आणि खालची मोजमापं तारेने तिथपर्यंत न्यायची.

ध्वनी निर्माण कसा करतात? बहुतेक यंत्रांत पायझो सिरॅमिकच्या चकत्यांची थप्पी असते. वीज दिली की थप्पी काही मायक्रोमीटर ताणते-आकसते आणि कॉलरच्या भिंतीत लांबीच्या दिशेने ताण-दाबाची लाट सोडते. वीज लिथियमच्या बॅटरीची. वर टॉप ड्राइव्हखाली, म्हणजे स्ट्रिंग फिरवणाऱ्या मोटरखाली, एका सबमध्ये (पाईपच्या आखूड तुकड्यात) कंपनं टिपणारे ॲक्सेलरोमीटर असतात, आणि ती सब स्ट्रिंगबरोबर फिरत असल्यामुळे तिथून रिगच्या केबिनपर्यंत साधी रेडिओ लिंक. एकच फ्रिक्वेन्सी न वापरता पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जाणारा सूर वापरणं मला जास्त भरवशाचं वाटतं. असा सरकता सूर काही सुळक्यांवर पडतोच पडतो, दोन-चार दऱ्या गेल्या तरी अर्थ निघतो. सतारीवर मींड घेतल्यासारखं. एक सूर बेसूर झाला तरी मींड कळते.

आता लाटेची वाटेत होणारी घट. हिशेबापुरतं समजा की सरळ उभ्या विहिरीत, बरा मड असताना दर ३०० मीटरला ४ डेसिबल गेले. ३,००० मीटरवर ४० डेसिबल, म्हणजे ऊर्जा दहा हजाराव्या भागावर आली. हे ऐकू येतं, काही वाईट नाही. तीच विहीर तिरपी करा, पाईप भिंतीवर टेकू द्या, मड जाड करा, आणि घट दर ३०० मीटरला १२ डेसिबल धरा. मग १२० डेसिबल. एकावर बारा शून्यं एवढ्या आकड्याने भागायचं. तिथे कितीही हुशार गणित लावा, उपयोग नाही. पाईप मोकळा लटकलेला असतो तोवर लाट त्याची असते. तो भिंतीला लोळत गेला की प्रत्येक मीटरला थोडी लाट खडकाला देऊन येतो. लांब आडव्या विहिरींत ध्वनीचं गणित बिघडतं ते इथेच.

त्यावरचा उपाय रिपीटर, साधारण एक-दीड किलोमीटरवर स्ट्रिंगमध्ये एक. तो खालचं ऐकतो आणि ताज्या दमाने वर सांगतो, जुन्या काळच्या टपालातल्या डाकधावकांसारखं. पण तो ऐकत असताना बोलू शकत नाही, आणि शेजारचे दोघे एकाच पट्टीत एकदम बोलले तर गोंधळ. म्हणून पट्ट्या वाटून द्याव्या लागतात किंवा पाळ्या. टप्पे वाढले की वेग कमी. हे सगळं जमवून शेवटी हातात येतात सेकंदाला साधारण २० ते ४० बिट. मड पल्सचे बहुतेक वेळा १ ते १०. वायर घातलेला पाईप, ज्यात प्रत्येक जोडापाशी चुंबकी कड्यांतून सिग्नल उडी मारतो, तो २००६च्या सुमारास बाजारात आला आणि सेकंदाला ५७,००० बिट देतो. म्हणजे नुसत्या वेगाच्या शर्यतीत ध्वनी ना इकडचा ना तिकडचा.

हे वाचून तुम्हाला वाटेल की मग ध्वनीचा विषय सोडूनच द्यावा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

पश्चिम किनाऱ्याजवळच्या समुद्रातली एक विहीर. साडेआठ इंची होल, खाली चुनखडी. मुंबई हायचा मुख्य तेलसाठाही चुनखडीतलाच, आणि या खडकात कुठे पोकळी, कुठे भेग असते, हे तिथे काम केलेल्या कुणालाही माहीत आहे. एका रात्री मड परत यायचा थांबला. टोटल लॉस. पंप खाली पाठवतोय, वर आलेला मड चाळणारा शेकर कोरडा. मग एलसीएम, म्हणजे भेगा बुजवायचा मसाला: अक्रोडाच्या टरफलांचा भरडा, तंतू, अभ्रक, जे काही साठ्यात असेल ते. दुसऱ्या खेपेनंतर माझ्या स्क्रीनवरचे ठोके बारीक झाले आणि मग गेलेच. पल्सरची झडप आणि तिची बैठक यांच्यातली फट काही मिलिमीटरची असते, त्यातूनच तो दाबाचे ठोके मारतो. सगळी स्ट्रिंग ओढून वर काढली तेव्हा त्या फटीत टरफलांचे तुकडे आणि तंतूंचा लगदा गच्च बसला होता. धुऊन हातात घेतला, आणि दोन दिवस काहीतरी शिकल्यासारखं झालं.

पण पल्सर बुजला हे दुय्यम. त्या रात्री कंपनी मॅनने, म्हणजे तेल कंपनीच्या रिगवरच्या प्रतिनिधीने, मला तीनदा एकच प्रश्न विचारला: "लेव्हल कुठे आहे?" पाईपबाहेरच्या मोकळ्या जागेत, ॲन्युलसमध्ये, द्रवाची पातळी किती खाली गेली आहे? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तळाला दाबाचा सेन्सर होता, चांगला होता, दर काही सेकंदांनी मोजतही होता. पण पंप बंद केल्याशिवाय पातळीचा खरा दाब कळत नाही, आणि पंप बंद केला की मड पल्सला वाचा नाही. सेन्सर पंप बंद असतानाचा आकडा लक्षात ठेवतो आणि पंप पुन्हा चालू झाल्यावर सांगतो. आम्ही पंप चालू करायला घाबरत होतो, कारण पातळी नेमकी किती खाली आहे तेच माहीत नव्हतं! सगळी रात्र ॲन्युलसमध्ये समुद्राचं पाणी ओतून अंदाजाने काढली.

ती पातळी महत्त्वाची का, ते आकड्यांत बघा. सेन्सर २,५०० मीटर खोल आहे आणि ॲन्युलसमध्ये समुद्राचं पाणी आहे असं धरा. समुद्राच्या पाण्याचा दाब दर मीटरला सुमारे १.४६५ पीएसआयने वाढतो. काठोकाठ भरलेलं असेल तर सेन्सरवर ३,६६० पीएसआय दिसायला हवा. दिसतो ३,३००. फरक ३६०, म्हणजे पातळी सुमारे २४५ मीटर खाली. वरच्या एखाद्या थरात वायू दबा धरून बसला असेल तर त्याच्यावरचं ओझं तेवढ्याने हलकं झालं. तो आत शिरला की खाली गळती आणि वर उसळी, असा दुहेरी प्रसंग. समुद्रावरच्या लोकांची झोप उडते ती याने.

पुढे परदेशात एका कामावर स्ट्रिंगमध्ये ध्वनीचे तीन रिपीटर होते आणि प्रत्येकात दाबाचा सेन्सर. तिथेही गळती झाली, इतकी मोठी नाही. पंप बंद झाले. सवयीने मी खुर्ची मागे सरकवली, आता काही दिसणार नाही म्हणून. आणि स्क्रीनवर तिन्ही आकडे हलत राहिले. तिन्ही बरोबरीने घसरत गेले, मग एकाच वेळी स्थिर झाले. पातळी कुठे थांबली ते वजाबाकी करून सांगायला मला दोन मिनिटं लागली. ड्रिलर माझ्याकडे असा बघत होता की मी पत्रिका वाचून सांगतोय.

तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं चुकीचा प्रश्न विचारत होतो. किती बिट मिळतात, हा प्रश्नच नाही. कधी मिळतात, हा आहे. मड पल्सला वाहता मड लागतो. विहीर अडचणीत येते ती नेमकी मड वाहत नसताना: गळती झाली, पाईप जोडायला पंप थांबवला, स्ट्रिंग वर ओढताना दाब कमी होऊन खालून काही आत ओढलं गेलं, मडच्या जागी हवा किंवा फेस वापरायची वेळ आली. या सगळ्या वेळी मड मुका आणि पाईप बोलका. आता ती सँडियाची गोष्ट आठवा. भूगर्भीय उष्णतेच्या विहिरी भेगाळलेल्या तापलेल्या खडकात खोदतात, गळती तिथे पाचवीला पुजलेली. ध्वनीचा पाठपुरावा त्यांनी का केला असेल, हे त्या रिगवर एक रात्र काढलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

विद्युतचुंबकीय यंत्रणाही मडशिवाय चालते, हे खरं. ती काही हर्ट्झचा प्रवाह खडकातून वर पाठवते. जमिनीवर, बऱ्यापैकी विद्युतरोधक खडकात ती उत्तम, आणि मी तिची शिफारस करतो. पण समुद्रावर खारं पाणी आणि खाऱ्या पाण्याने भरलेले थर तिला गिळतात.

ध्वनी सगळ्यात सुखाने नांदतो तो ड्रिलिंगमध्ये नाहीच, विहिरीच्या चाचणीत. डीएसटीमध्ये, म्हणजे ड्रिल स्टेम टेस्ट या चाचणीत, पाईप फिरत नाही, बिट खडक कुरतडत नाही, सगळं शांत असतं. तळाशी दाब मोजणारे गेज असतात. विहीर वाहू देतात, मग झडप बंद करतात आणि दाब कसा चढतो ते बघतात. त्या चढण्याच्या वक्रातून साठा केवढा, खडकातून तेल किती सहज वाहतं, हे काढतात. जुन्या पद्धतीत गेज फक्त आपल्या स्मृतीत नोंदवायचे, आणि वर काढल्यावर कळायचं काय नोंदलं ते. माझ्या ओळखीच्या एका चाचणीत चारपैकी तीन गेजनी काहीच नोंदलं नव्हतं, बॅटरी आधीच गेली होती, आणि चौथ्याची नोंद अर्धवट. कित्येक दिवसांचं रिगचं भाडं एका अर्धवट फाईलसाठी. आता ट्युबिंगवर, म्हणजे चाचणीसाठी सोडलेल्या पाईपवर, ध्वनीचे रिपीटर लावून तळाचा दाब चाचणी चालू असतानाच बघतात. श्लंबर्जे (आता एसएलबी) या कंपनीची म्युझिक नावाची यंत्रणा याच प्रकारची. फायदा बिटमध्ये मोजू नका, तासांत मोजा. दाबाचा वक्र पुरेसा चढला हे समोर दिसलं की चाचणी थांबवता येते, उगाच आणखी बारा तास बसायला नको. शिवाय झडप खरंच बंद झाली का, हेही त्याच क्षणी कळतं.

ड्रिलिंगवर परत येऊ, कारण तिथल्या आवाजाच्या कटकटी अजून सांगायच्या राहिल्यात. तीन शंकूंचं बिट फिरताना फेऱ्यांच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीने धक्के देतं. मड पंपाचे ठोके असतात. पाईप भिंतीवर अडकून एकदम सुटतो तेव्हाचा हिसका असतो. यातलं बरंचसं पाचशे हर्ट्झच्या खाली असतं, म्हणून वरच्या पट्ट्या बऱ्या. पण वर गेलं की फटी अरुंद, हे मघाशीच सांगितलं. त्यातल्या त्यात मधली एखादी पट्टी निवडायची, हा शेवटी तडजोडीचा मामला. दोन ॲक्सेलरोमीटर काही अंतराने लावले तर खालून वर जाणारी लाट आणि वरून परत खाली येणारी लाट वेगळ्या करता येतात, आणि टॉप ड्राइव्हचा खडखडाट बराच वजा होतो. या एका युक्तीने मला जेवढी मदत झाली, तेवढी कुठल्या महागड्या फिल्टरने नाही.

आणि एक अगदी क्षुल्लक वाटणारी अडचण, जी पुस्तकात सापडत नाही. पाईप जोडताना स्ट्रिंग स्लिप्समध्ये, म्हणजे पाचरींच्या पकडीत, लटकवतात आणि टॉप ड्राइव्ह वेगळा करतात. तुमचा कान टॉप ड्राइव्हखालच्या सबमध्ये! म्हणजे मडशिवाय बोलणारी यंत्रणा घेतलीत, आणि मड थांबला त्याच क्षणी कान काढून घेतलात. लटकलेल्या पाईपवर कान ठेवायची वेगळी सोय नसेल तर कनेक्शनमधली ती चार मिनिटं कोरडीच जातात. कुठलीही ध्वनियंत्रणा विकायला आलेल्या माणसाला मी हा प्रश्न पहिला विचारतो. उत्तर देताना तो किती वेळ घेतो, त्यावरून बरंच कळतं.

मग सगळे हेच का वापरत नाहीत? कारण बहुतेक विहिरी शहाण्यासारख्या वागतात. मड पल्सचे पाच बिट दिशा, कल आणि गॅमा किरणं सांगायला पुरतात, १९७८ पासून धंद्यात आहेत, आणि पल्सर बिघडला तर काय करायचं हे तळापासून वरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. रिपीटर म्हणजे स्ट्रिंगमधला आणखी एक जोड, आणखी एक बॅटरी. माझं मत विचाराल तर जिथे गळतीची खात्रीच आहे, किंवा दाबाची खिडकी अरुंद आहे, म्हणजे मडचा दाब कमी-जास्त करायला फार वाव नाही, तिथे ध्वनी लावा, आणि पल्सर काढू नका, दोन्ही ठेवा. बाकी ठिकाणी पैसे वाचवा.

आपल्याकडच्या एका विहिरीचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. कोयना भागात गोठणे इथे भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विहीर खोदली गेली. वर बेसॉल्टचा जाड थर, खाली ग्रॅनाइटी खडक. अशा कठीण खडकात मड रोटरीबरोबर हवेवर चालणारा हॅमरही वापरतात. हवा आली की मड पल्स बाद. आणि हॅमर चालू असताना पोलादातून कुजबुज ऐकायची म्हणजे ढोल-ताशाच्या पथकात उभं राहून कानगोष्ट करणं. हॅमर थांबेल तेवढ्यातच बोलायचं. तसं बघितलं तर गावोगावचा बोअरवाला हॅमरचा आवाज बदलला की खडक बदलला हे ओळखतो, रॉडमधून येणारी माहिती तो फुकट वाचतोय. आपण फक्त त्यात मुद्दाम काही लिहू बघतोय.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये यातलं काही करता येईल का, रिग तर नाही. येईल, आणि स्वस्तात. १० मिलिमीटर जाडीचे पोलादी रॉड घ्या, अर्धा-अर्धा मीटरचे पंधरा तुकडे, लेथवाल्याकडून दोन्ही टोकांना आटे पाडून. हार्डवेअरच्या दुकानात लांब कपलिंग नट मिळतो, साधारण ३० मिलिमीटर लांब, १७ मिलिमीटर पान्याचा. त्याने सगळे जोडा. नटपाशी पोलादाचा छेद रॉडच्या तिपटीहून थोडा जास्त होतो, आणि नटाची लांबी तुकड्याच्या सहा टक्के. खऱ्या ५ इंची पाईपमध्ये टूल जॉइंट जवळपास तितकेच टक्के लांब असतो, म्हणजे दुकानातल्या नटाने तुम्हाला आयता नमुना करून दिला. फरक एवढाच की सगळं एकोणीस पटीने लहान, म्हणून बंद दरवाजे २७० ऐवजी ५,१०० हर्ट्झच्या पटीत येतील. साध्या लॅपटॉपच्या साउंड कार्डला पहिले तीन सहज दिसतात.

रॉड दोऱ्यांनी आडवा टांगा, टेबलावर ठेवू नका. एका टोकाला बरोबर मध्यभागी पायझो बझरची चकती चिकटवा, दुसऱ्या टोकाला दुसरी. मध्यभागी नाही चिकटवली तर रॉड वाकायचे सूर मिसळतात आणि दोन दिवस वाया जातात. १ ते २० किलोहर्ट्झ सरकता सूर सोडा, पलीकडे काय आलं ते रेकॉर्ड करा, स्पेक्ट्रम काढा. नट आधी हाताने आवळून बघा, मग पान्याने. फरक दिसेल, आणि रिगवर टॉर्क का महत्त्वाचा ते कळेल. नंतर एक तुकडा काढून चौदावर करा, सुळके सरकतात का बघा. मग दोन-तीन तुकडे मुद्दाम ४७-४८ सेंटिमीटरचे घाला. आणि हे सगळं झाल्यावर मधल्या चार तुकड्यांना ओल्या शाडूमातीत भिजवलेलं फडकं गुंडाळा आणि तोच सूर पुन्हा सोडा.